कुंचल्याने बोललेले शेजारी : चीन, कोरिया आणि जपान

१/ १७६६ सालचा वसंत. बीजिंगमधील ल्यूलीछांग ही पुस्तके, शाई आणि जुन्या वस्तू यांची नामांकित बाजारपेठ. कोरियन दूतमंडळातील यी गी-सोंग नावाचा एक लष्करी अधिकारी तिथे चष्मा शोधत हिंडत होता. समोरून दोन चिनी गृहस्थ आले; त्यांच्या डोळ्यांवर उत्तम चष्मे होते. एका स्नेह्याची दृष्टी अधू आहे, आपला चष्मा विकत द्याल का, असे त्याने विचारले. त्यांपैकी एकाने चष्मा उतरवून त्याच्या हाती ठेवला आणि पैसे घेण्यास साफ नकार दिला.

२/ ते दोघे हांगचौचे विद्वान होते. नावे यान छंग आणि फान थिंगयून. राजधानीत ते परीक्षेसाठी आले होते. चष्म्याची हकिकत त्याच दूतमंडळासोबत आलेल्या होंग दे-योंग या कोरियन विद्वानाच्या कानी पडली आणि तो त्यांच्या बिऱ्हाडी जाऊन पोहोचला. पुढे भेटी वाढत गेल्या, बैठका दिवस मावळेपर्यंत रंगू लागल्या. त्या बैठकांत आवाज मात्र फारसा नसे. मध्ये कागद, बाजूला शाई. एकाने लिहावे, दुसऱ्याने वाचावे आणि खाली आपले उत्तर लिहावे.

३/ होंगला बोली चिनी थोडीफार येत होती. पण इतिहास, धर्म, काव्य असा विषय निघाला की जिभेचे काम संपे आणि कुंचल्याचे सुरू होई. या रीतीला चिनी लोक 'बीथान', कोरियन 'फिल्दाम' आणि जपानी 'हित्सुदान' म्हणतात. लिहिताना हे तिन्ही शब्द एकच आहेत : पहिले चिन्ह कुंचल्याचे, दुसरे संभाषणाचे. उच्चार तेवढे वेगळे. आजचा हा धागा त्या मुक्या संभाषणाविषयी आहे.

४/ विषय निवडण्याचे कारण सांगतो. या तीन देशांची नावे हल्ली एकत्र येतात ती बहुधा भांडणात. किमची कोणाची, हानबोक कोणाचा, अमुक कवी कोणत्या देशाचा, असे वाद समाजमाध्यमांवर वर्षानुवर्षे पेटलेले आहेत. 'मूळ कोणाचे' हा प्रश्न तिथे न्यायनिवाड्यासारखा विचारला जातो. या तिघांचा दोन हजार वर्षांचा व्यवहार पाहिला, तर त्या प्रश्नाचे काय होते, ते आपण पाहू.

५/ आरंभ एका मुद्रेपासून करू. १७८४ साली जपानच्या फुकुओकाजवळील शिकानोशिमा बेटावर एका शेतकऱ्याला सोन्याची छोटी मुद्रा सापडली. वजन सुमारे १०८ ग्रॅम, बाजू जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर. तिच्यावर चिनी अक्षरांत एका स्थानिक राजाचे नाव-पद कोरलेले आहे. हान सम्राट ग्वांगवू याने इ.स. ५७ मध्ये 'वा' देशाच्या, म्हणजे जपानच्या, दूताला मुद्रा दिल्याची नोंद चिनी इतिहासग्रंथात आहे. बहुसंख्य अभ्यासक ही तीच मुद्रा मानतात. जपानात लिपीचे पहिले पाऊल पडले ते असे, दुसऱ्याने दिलेल्या पदवीच्या रूपात.

६/ पण लिपी वाचायला शिकवणारे गुरू जपानला प्रामुख्याने कोरियन द्वीपकल्पातून मिळाले. 'कोजिकी' (इ.स. ७१२) या ग्रंथात कथा आहे, ती बेक्जे राज्यातून आलेल्या वानी नावाच्या पंडिताची. त्याने कन्फ्यूशियसची वचने आणि 'सहस्राक्षरी' हे बालबोध पाठ्यपुस्तक जपानात आणले, असे ती सांगते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थबकावे. आपल्याला ठाऊक असलेली 'सहस्राक्षरी' रचली गेली सहाव्या शतकात आणि वानीचा काळ परंपरेने त्याच्या पुष्कळ आधीचा सांगितला जातो! तपशील जुळत नाही. पण आपली अक्षरओळख समुद्रापलीकडच्या गुरूंकडून आली, ही जपानी स्मृती मात्र स्पष्ट आहे.

७/ बुद्धमूर्ती आणि सूत्रग्रंथ हेही बेक्जेच्याच सोंग राजाने यामातो दरबारी पाठवले. एक परंपरा ५३८ साल सांगते, दुसरी ५५२. पुढे ६६३ मध्ये बेक्गांग नदीच्या मुखाशी मोठे आरमारी युद्ध झाले. एका बाजूला चीनचे थांग साम्राज्य आणि कोरियातील सिल्ला राज्य, दुसऱ्या बाजूला बेक्जेचे उरलेसुरले सैन्य आणि त्यांच्या मदतीला आलेले जपानी. थांग-सिल्ला जिंकले. बेक्जेचे सरदार, पंडित, कारागीर जपानात आश्रयाला आले आणि तिथलेच झाले.

८/ किती तिथलेच झाले? आठव्या शतकाच्या अखेरीस गादीवर आलेल्या जपानी सम्राट काम्मूची आई बेक्जेच्या मुर्योंग राजाच्या वंशातील होती, असे जपानच्याच अधिकृत इतिवृत्तात नमूद आहे. डिसेंबर २००१ मध्ये सम्राट अकिहितो यांनी या नोंदीचा जाहीर उल्लेख केला आणि त्यामुळे कोरियाशी आपल्याला एक नाते जाणवते, असे सांगितले. लिखित नोंद बाराशे वर्षांची होती. ती उच्चारायला मात्र तितकी वर्षे लागली.

९/ आता मूळ कोडे. चिनी भाषा आणि कोरियन-जपानी भाषा यांची घडण सर्वस्वी भिन्न आहे. कोरियन आणि जपानी वाक्यात क्रियापद मराठीसारखे शेवटी येते, नामाला प्रत्यय लागतात. चिनीत क्रियापद कर्माच्या आधी येते आणि प्रत्ययांचा पसारा नाही. मग एक लिपी तिघांना कशी चालली? चिनी अक्षर ध्वनीसोबत अर्थही वाहते, म्हणून. '५' हा अंक मराठी माणूस 'पाच' वाचतो, संस्कृत पाठक 'पञ्च', आणि नागरी अंक जाणणारा कानडी माणूस 'ऐदु'. कागदावर काही बदलत नाही.

१०/ डोंगराचे अक्षर घ्या. चिनी ते 'शान' वाचतो, कोरियन 'सान', जपानी प्रसंगाप्रमाणे 'सान' किंवा शुद्ध देशी शब्दात 'यामा'. वाक्यरचनेवरही त्यांनी तोड काढली. चिनी मजकुराच्या कडेला बारीक खुणा करायच्या आणि वाचताना शब्दांचा क्रम आपल्या व्याकरणाप्रमाणे लावून घ्यायचा, ही जपानी युक्ती 'कुन्दोकु' नावाने ओळखली जाते. कोरियनांनीही मजकुरात आपले प्रत्यय दर्शवणाऱ्या खुणा भरल्या. अशा रीतीने शिकलेला माणूस चिनी उच्चाराचा गंध नसताना उत्तम चिनी गद्य लिहू शकत असे.

११/ या लिपीच्या बळावर माणसे किती दूर गेली पाहा. जपानचा आबे नो नाकामारो ७१७ साली थांग राजधानी छांगआनला शिकायला गेला, तिथल्या परीक्षेत उत्तीर्ण होऊन अधिकारी झाला. ७५३ मध्ये मायदेशी परतताना त्याचे जहाज भरकटले. तो बुडाला असे समजून महाकवी ली बाई याने त्याच्यावर शोककाव्य लिहिले. नाकामारो प्रत्यक्षात दक्षिणेकडे अन्नामच्या, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या किनाऱ्याला लागला होता. तो छांगआनला परतला आणि ७७० मध्ये तिथेच वारला. सिल्लाचा छ्वे छी-वॉन बाराव्या वर्षी थांग देशात गेला आणि ८७४ मध्ये परीक्षा उत्तीर्ण झाला.

१२/ या तिघांची गाठ एकाच आयुष्यात पडलेली पाहायची असेल, तर एन्निन या जपानी भिक्षूची रोजनिशी वाचावी. ८३८ साली तो चीनमध्ये उतरला. बोली येत नव्हती; लिहून काम भागवत होता. पुढे राहण्याची परवानगी मिळेना, तेव्हा त्याला आधार मिळाला तो शांदोंगच्या किनाऱ्यावरील कोरियन वस्तीचा. सिल्लाचा सागरी व्यापारी-सेनानी जांग बो-गो याने तिथे विहार बांधला होता. एन्निन तिथे राहिला आणि तिथूनच पवित्र वूथाय पर्वताच्या यात्रेला निघाला.

१३/ ८४५ मध्ये थांग सम्राटाने बौद्ध संघावर घाव घातला. हजारो विहार पाडले गेले, भिक्षूंची वस्त्रे उतरवली गेली. एन्निनलाही गृहस्थवेश घेऊन देश सोडावा लागला. संकटाच्या या काळात सिल्लाच्याच लोकांनी त्याला सांभाळले आणि ८४७ मध्ये सिल्लाच्याच जहाजातून तो जपानला परतला. भारतात जन्मलेला धर्म, चिनी भाषेतील ग्रंथ, कोरियन जहाज आणि जपानी प्रवासी! जपानी तेंदाई पंथाचा एक थोर आचार्य घरी पोहोचला तो शेजाऱ्यांच्या शिडावर.

१४/ मात्र या सामायिक लिपीला एक काळी बाजू होती. ती शिकायला वर्षे लागत. त्यामुळे कुंचल्याची मैफल वरच्या वर्गातील पुरुषांची राहिली. शेतकरी, बहुतेक स्त्रिया, कारागीर उंबऱ्याबाहेरच. म्हणून या देशांत स्वतःच्या बोलीसाठी स्वतःची अक्षरे घडली. जपानात चिनी अक्षरांचे रूप झिजवून 'काना' लिपी झाली, आणि अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबु या स्त्रीने त्याच लिपीत 'गेंजीची कथा' ही जगद्विख्यात कृती लिहिली.

१५/ मराठी वाचकाला गंमत वाटेल असा एक दुवा इथे आहे. काना अक्षरांचा आजचा क्रम 'अ, इ, उ, ए, ओ' आणि मग 'क, स, त, न, ह, म, य, र, व' असा लागतो. ओळखीचा वाटतो ना? बौद्ध मंत्रांसाठी जपानी भिक्षू 'सिद्धम्' ही ब्राह्मी कुळातील भारतीय लिपी शिकत. आपल्या वर्णमालेची शिस्त त्यांनी तिथून उचलली. चिनी अक्षरांपासून घडलेली मुळाक्षरे जपानी मूल आजही संस्कृत वर्णक्रमाच्या वळणाने म्हणते.

१६/ कोरियात सेजोंग राजाने १४४३ मध्ये नवी लिपी सिद्ध केली आणि १४४६ मध्ये ती जाहीर केली. अक्षरे अवघी २८. आमची बोली चिनीहून वेगळी असल्याने सामान्य प्रजेला मनातले लिहिता येत नाही, हे कारण त्याने स्वतः नोंदवले. छ्वे मान-री या दरबारी पंडिताने १४४४ मध्ये कडाडून विरोध केला. मंगोल, जपानी, तिबेटी यांच्या स्वतंत्र लिप्या आहेत, पण ते असंस्कृत. आपण त्यांच्या पंगतीला का बसावे, असा त्याचा युक्तिवाद होता. लिपीच्या वादात खरा प्रश्न हा होता : सुसंस्कृत कोण, आणि ते ठरवणार कोण?

१७/ या प्रश्नाचे सर्वांत भीषण उत्तर १५९२ मध्ये आले. तोयोतोमी हिदेयोशीने मिंग चीन जिंकण्याच्या मनसुब्याने सुमारे १,५८,००० सैन्य कोरियात उतरवले. तीन आठवड्यांच्या आत राजधानी पडली. कोरियन नौसेनापती यी सून-शिन, स्थानिक लोकसेना आणि मिंगची कुमक यांनी जपानी सैन्याला रोखले. १५९८ मध्ये हिदेयोशी मेल्यावर युद्ध संपले. मारलेल्यांची हजारो नाके खारवून जपानला पाठवली गेली. क्योतोमधील त्यांचा ढिगारा 'मिमिझुका', म्हणजे कानांचा ढीग, या नावाने आजही उभा आहे.

१८/ याच युद्धातील कैद्यांपैकी एक कांग हांग. १५९७ मध्ये तो पकडला गेला तेव्हा त्याची दोन लहान मुले समुद्राने गिळली. हा पिता जपानात बंदी असताना त्याच्याकडे फुजिवारा सेइका नावाचा एक जपानी विद्वान येऊ लागला. मध्ये कागद आला, कुंचला चालू लागला. कांगने त्याच्यासाठी कन्फ्यूशियन ग्रंथांच्या प्रती लिहून दिल्या. पुढे सेइका हा तोकुगावा काळातील कन्फ्यूशियन विद्येचा आद्य आचार्य मानला गेला. त्याचा शिष्य हायाशी राझान शोगुनांच्या सेवेत होता. कांग हांग १६०० मध्ये मायदेशी परतला आणि बंदिवासाचा कडवट वृत्तान्त त्याने लिहून ठेवला.

१९/ कुंभारांचे तसेच. कितीतरी कोरियन कुंभार धरून नेले गेले. परंपरा सांगते की त्यांपैकी यी साम-प्योंग याला १६१६ मध्ये आरिता गावाजवळ चिनी मातीची खाण सापडली आणि जपानी पोर्सेलीन जन्माला आले. शतकाच्या मध्यावर मिंग-चिंग सत्तांतराच्या धामधुमीत चीनच्या जिंगदेझेन येथील भट्ट्यांचा व्यापार विस्कळीत झाला, तेव्हा डच व्यापाऱ्यांनी आरिताकडे मोर्चा वळवला. चिनी वळण, कोरियन हात, जपानी माती. या भांड्यांकडे पाहताना 'देवाणघेवाण' हा गोड शब्द वापरण्याआधी अडखळावे. इथे विद्या आली ती बेड्या घालून.

२०/ तरीही जखम उघडी ठेवून दोन्ही देशांनी बोलणे सुरू केले. १६०७ ते १८११ या काळात कोरियाच्या जोसन राजवटीने जपानला बारा दूतमंडळे पाठवली. पहिल्या तिघांचे अधिकृत काम उत्तर देणे आणि युद्धकैदी परत आणणे हे होते. पहिल्याच फेरीत हजाराहून अधिक लोक घरी आले. पुढची मंडळे 'थोंगशिनसा' म्हणून ओळखली जातात. शब्दाचा अर्थ : विश्वास जोडणारे दूत. तीनशे ते पाचशे माणसांचा हा लवाजमा जिथे मुक्काम करी, तिथे जपानी वैद्य, कवी, भिक्षू कागद घेऊन रांगेत उभे राहत.

२१/ १७१९ च्या दूतमंडळातील शिन यू-हान आणि जपानचा आमेनोमोरी होशू यांची जुगलबंदी संस्मरणीय आहे. होशूने बुसानला राहून कोरियन भाषा शिकली होती. त्याने शिनला विचारले, तुमच्या पुस्तकांत आम्हाला अजून 'वे लुटारू' का म्हणता? शिनने उत्तर दिले की ती पुस्तके युद्धानंतरची आहेत. क्योतोमध्ये हिदेयोशीशी निगडित मंदिरात मेजवानी ठरली, तेव्हा कोरियन दूत अडून बसले आणि दोघांत तीव्र खटका उडाला. मात्र निरोपाच्या वेळी होशूच्या डोळ्यांत पाणी आले, हेही शिननेच लिहून ठेवले आहे.

२२/ याच होशूने १७२८ मध्ये शेजारधर्मावर एक ग्रंथ लिहिला. परस्परांना फसवू नये, भांडू नये, सत्याने व्यवहार करावा, हे त्याचे सार. हिदेयोशीच्या युद्धाला त्याने निष्कारण केलेले युद्ध म्हटले. १९९० मध्ये दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष नो ते-ऊ जपानला गेले तेव्हा त्यांनी भाषणात होशूचे स्मरण केले. स्वतःच्या देशाची चूक लिहून ठेवणारा माणूस अडीचशे वर्षांनी दोन देशांच्या उपयोगी पडला.

२३/ १७६४ सालची भेट तर अवघ्या इतिहासाचे छोटे चित्रच. ओसाकाचा मद्यव्यवसायी आणि ग्रंथसंग्राहक किमुरा केन्कादो याने आपल्या घरच्या साहित्यमेळाव्याचे चित्र कोरियन अतिथी सोंग दे-जुंग याच्यासाठी काढले. आज ते कोरियाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच ओसाकात, त्याच फेरीत, दूतमंडळातील छ्वे छोन-जोंग याचा एका जपानी दुभाष्याने खून केला. त्याच फेरीत प्रमुख दूत जो ओम याने त्सुशिमा बेटावरून रताळ्याचे बेणे कोरियाला धाडले. चीनच्या फूज्यानमधून र्यूक्यू बेटांवर, तिथून जपानात आणि तिथून कोरियात! रताळ्याचा कोरियन शब्द 'गोगुमा' हा त्सुशिमाच्या बोलीतूनच आलेला.

२४/ ते चित्र आणि त्या हकिकती घेऊन सोंग दे-जुंग सोलला परतला. त्याच्या मित्रमंडळींत कोण होते? आरंभी भेटलेला होंग दे-योंग. दोन वर्षांनी होंग बीजिंगला गेला तो हे ऐकून-पाहून. म्हणून पुन्हा त्या बिऱ्हाडात जाऊ.

२५/ ती मैत्री सोपी नव्हती. १६३७ मध्ये जोसनच्या राजाला मांचू सम्राटापुढे तीनदा गुडघे टेकून नऊ वेळा मस्तक लववावे लागले होते. पुढे मांचूंनी चीन जिंकला. तेव्हापासून कोरियन विद्वान मनात धरून होते की खरी संस्कृती आता आपल्याकडेच उरली. शेंडी राखून मांचू वेश घालणारे चिनी आता रानटी राजाचे प्रजाजन. होंगच्या अंगावर जुन्या मिंग वळणाचा पोशाख होता, यान आणि फान यांच्या डोक्यावर मांचू शेंडी. कागदावर हा विषय निघे तेव्हा हात जपून चाले. १७८० मध्ये चीनला गेलेला होंगचा मित्र पाक जी-वॉन सांगतो की धोक्याचा विषय आला की चिनी सोबती लिहिलेला कागद फाडून टाकत.

२६/ होंग मायदेशी परतल्यावर एका विद्वान स्नेह्यानेच त्याची निर्भर्त्सना केली : रानट्यांच्या प्रजेशी मैत्री कशी केलीस? होंग खगोल-गणिताचा अभ्यासक होता. त्याच्या 'उईसान पर्वतावरील प्रश्नोत्तरे' या ग्रंथात तो म्हणतो की पृथ्वी गोल आहे, ती स्वतःभोवती फिरते. मग तिच्या पृष्ठावर मध्य कुठला आणि कड कुठली? प्रत्येक जण जिथे उभा आहे तोच त्याचा मध्य. म्हणून 'चिनी' आणि 'रानटी' हा भेदही पाहणाऱ्याच्या जागेवर ठरतो. ज्या प्रश्नाने छ्वे मान-रीला अस्वस्थ केले होते, त्याचा पायाच होंगने काढून घेतला.

२७/ पुढचे शतक मात्र मध्याच्या हट्टाचेच निघाले. १८८० मध्ये कोरियन दूत किम होंग-जीप तोक्योत चिनी मुत्सद्दी ह्वांग झुनश्यान याच्याशी कुंचल्यानेच बोलला. विषय होता कोरिया वाचणार कसा. तीस वर्षांनी, १९१० मध्ये, जपानने कोरिया गिळला. शाळांतून कोरियन भाषा हद्दपार झाली, लोकांना जपानी नावे घ्यायला लावली गेली. १९३७ मध्ये चीनवर चढाई आणि नानजिंगचे हत्याकांड. ही पाने वगळून या तिघांच्या 'सांस्कृतिक नात्या'विषयी बोलणे म्हणजे असत्य बोलणे.

२८/ आणि नेमक्या याच काळात अक्षरांचा प्रवाह उलटा वाहू लागला. मेइजी काळातील जपानी विद्वानांनी पाश्चात्त्य कल्पनांसाठी चिनी अक्षरे जुळवून नवे शब्द घडवले किंवा जुन्यांना नवा अर्थ दिला. आपण संस्कृतातून 'दूरध्वनी' घडवला तसेच. तत्त्वज्ञानासाठी निशी आमानेने घडवलेला 'तेत्सुगाकु' चीनमध्ये 'चेशुए' झाला, कोरियात 'छोल्हाक'. समाज, विज्ञान, दूरध्वनी यांचेही तसेच. १९०५-०६ च्या सुमारास जपानात सुमारे आठ हजार चिनी विद्यार्थी होते. ते हे शब्द घेऊन परतले. चीनच्या आजच्या अधिकृत नावात 'प्रजासत्ताक' या अर्थाचा जो शब्द आहे, त्याची जोडणी जपानी आहे.

२९/ त्या विद्यार्थ्यांपैकी एक लू शुन. १९०४ ते १९०६ तो सेंदाईत वैद्यक शिकला. त्याच्या वर्गटिपणांतील चुका फुजिनो गेन्कुरो हे शरीररचनेचे जपानी शिक्षक लाल शाईने दुरुस्त करून देत, अगदी व्याकरणाच्याही. आधुनिक चिनी साहित्याचा हा जनक फुजिनोंचे छायाचित्र आपल्या भिंतीवर लावून लिहायला बसे. आणि दुसऱ्या टोकाला युन दोंग-जू : १९१७ मध्ये आजच्या चीनच्या हद्दीत जन्मलेला, कोरियन भाषेत लिहिणारा कवी. क्योतोत शिकताना १९४३ मध्ये त्याला अटक झाली. फेब्रुवारी १९४५ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, तो फुकुओकाच्या तुरुंगात मेला.

३०/ फुकुओका. जिथल्या बेटावर ती सोन्याची मुद्रा सापडली, तेच हे शहर. युनच्या विद्यापीठाने, क्योतोच्या दोशिशाने, १९९५ मध्ये आपल्या आवारात त्याच्या कवितेचा शिलालेख उभारू दिला. तो चिनी कवी की कोरियन, यावर मात्र वाद चालूच आहे. तो स्वतः जी भाषा लिहिण्यासाठी झगडला, तीच त्या वादाचे उत्तर आहे असे मला वाटते.

३१/ कुंचल्याची ती सामायिक मैफल आता उठली आहे. जपानने १९४६ पासून अक्षरे मर्यादित केली, चीनने १९५६ पासून ती सोपी केली, कोरियाने व्यवहारातून जवळजवळ काढून टाकली. होंगचे कागद आज सोलमधील तरुणाला भाषांतराविना वाचता येत नाहीत. पणजोबांचे मोडी कागद आपल्याला वाचता येत नाहीत, तसे. त्यात हळहळ आहे, पण तेवढेच नाही. सेजोंगच्या अक्षरांनी ज्यांना प्रथमच लिहिते केले, त्यांना त्या जुन्या मैफलीत जागा नव्हती.

३२/ मग 'मूळ कोणाचे'? अक्षर चिनी, त्याची वाट कोरियन, त्यातून घडलेले नवे शब्द जपानी, आणि ते परत चीनच्या ओठांवर. मूळ शोधणे हे इतिहासाचे कामच आहे. पण मूळ सापडले म्हणून मालकी सिद्ध होत नाही. घेतलेल्याचे ऋण मान्य करावे आणि केलेला अन्याय लपवू नये. होशूने नेमके हेच केले होते.

३३/ शेवटची हकिकत होंगच्या मृत्युलेखात पाक जी-वॉनने नोंदवली आहे. त्या वसंतानंतर होंग आणि यान छंग पुन्हा कधी भेटले नाहीत. पत्रे तेवढी चालू राहिली. थोड्याच काळात यान फूज्यानमध्ये आजारी पडला. अखेरच्या घटकेला त्याने होंगने दिलेली कोरियन शाईची वडी मागवली, तिचा सुगंध घेतला, ती छातीवर ठेवली आणि प्राण सोडला. ती वडी त्याच्यासोबत शवपेटीत ठेवली गेली.

धागा इथे पूर्ण झाला. यातील कोणत्या व्यक्तीवर सविस्तर लिहावे, ते जरूर कळवा.